मुदतीतलं लग्न

सरकारला माझ्या लग्नाबद्दल शंका आली तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. तोपर्यंत ती शंका फक्त सासूबाईंना होती आणि घरातल्या घरात होती. सरकारची शंका टपालाने आली. जाड कागद, वर गोल शिक्का आणि खाली अशी सही, की करणाऱ्याला मध्येच शिंक आली असावी.

पत्राची भाषा सभ्य होती. मी या देशाची नागरिक असलेल्या स्त्रीशी विवाह केला असून त्या आधारे कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला आहे, हे त्यांनी मलाच कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं, की सदर विवाह अर्जदाराच्या कामाच्या परवान्याची मुदत संपण्यास एकोणीस दिवस उरले असताना झाल्याचे दिसते. तरी सहजीवनाचे पुरावे, तसेच पत्नीच्या कुटुंबातील एका व्यक्तीचे लेखी निवेदन तीस दिवसांत सादर करावे. न केल्यास अर्ज फेटाळला जाईल आणि मला देश सोडावा लागेल, हे सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं. वाईट बातमी बारीक अक्षरात छापली की कमी लागते अशी सरकारची समजूत असावी.

मला राग आला तो ‘दिसते’ या शब्दाचा. दिसते काय? झालाच होता. एकोणीसच दिवस उरले होते. मी काही ते लपवलं नव्हतं. तारखा मीच लिहिल्या होत्या, सुवाच्य अक्षरात. पण आपणच सांगितलेलं खरं सरकारने आपल्यालाच परत ऐकवलं, की ते उगाच गुन्ह्यासारखं वाटायला लागतं.

“घाबरायचं काय त्यात?” बायको म्हणाली. “लग्न खरं आहे ना? मग पुरावे असणारच. शोध.”

मी शोधले. घरभर शोधून एक फोटो सापडला. आमचं लग्न नोंदणी कार्यालयात बारा मिनिटांत लागलं होतं, त्यातली चार मिनिटं पेन उमटत नव्हतं. फोटो तिथल्या शिपायाने काढला होता. त्यात डावीकडे मी आहे, मध्ये शिपायाचा अंगठा आहे, आणि अंगठ्याच्या पलीकडून बायकोचा एक कान आणि अर्धं हसू दिसतं. कोणीही म्हणालं असतं, की या माणसाचं लग्न अंगठ्याशी लागलंय.

आता लग्न कसं ठरलं तेही सांगून टाकतो, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडलं. मी कवळ्या बनवतो. खोटी गोष्ट खऱ्यासारखी दिसली पाहिजे, हाच माझा धंदा आहे. पण तो दातांपुरता. बायको गाडी चालवायला शिकवते. मी तिचा विद्यार्थी होतो आणि गाडी मागे घेण्याच्या परीक्षेत तीनदा नापास झालो होतो. माझं वय त्रेचाळीस, तिचं एक्केचाळीस. मधेच नियम बदलला आणि माझ्या कामाचा परवाना पुढे वाढणार नाही असं कळलं. एकसष्ट दिवस उरले होते. चौकात लाल दिवा होता. मी तिला विचारलं, “माझ्याशी लग्न कराल का?” दिवा हिरवा व्हायच्या आत ती “हो” म्हणाली. आणि पाठोपाठ, “क्लच.”

पत्राची बातमी वरच्या मजल्यावर कशी पोचली देव जाणे, पण संध्याकाळी दारात ‘अनुभवी’ उभे. हे आमचे शेजारी. दर वाक्याआधी “अनुभव सांगतो” म्हणतात म्हणून सगळी इमारत त्यांना अनुभवी म्हणते. त्यांचा जन्म इथलाच, त्यामुळे त्यांना स्वतःला कधी साधा परवानासुद्धा काढावा लागलेला नाही. अनुभव सगळे दुसऱ्यांचे.

“एका फोटोवर वास्तव्य मागताय? अहो, अनुभव सांगतो. माझ्या आतेभावाच्या शेजाऱ्याने दोनशे फोटो दिले. अधिकाऱ्याने सत्तराव्या फोटोलाच हात जोडले!”

“पण आम्ही काढलेच नाहीत फोटो,” मी म्हणालो.

“मग काढा की! मला सांगा, प्रेम आहे ना?”

मी बायकोकडे पाहिलं. ती भांडी पुसत होती. “आहे,” मी म्हणालो.

“झालं तर! प्रेम आहे, फोटो नाहीत. म्हणजे यात खोटं काहीच नाही. नुसता उशीर झालाय.”

खोटेपणाला इतकं सोज्वळ नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि कबूल करतो, ऐकून मला हायसं वाटलं. बायको म्हणाली, “मला नाही पटत हे.” मी काही बोललो नाही. फक्त दोन दिवस असा चेहरा करून फिरलो, की सामान बांधायचंच काय ते बाकी आहे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बरं. एकदाच.”

रविवारी भर दुपारी आम्ही सार्वजनिक बागेत गेलो. अनुभवी कॅमेरा घेऊन पुढे, मागून आम्ही दोघं कपड्यांच्या तीन पिशव्या घेऊन. आठ महिन्यांचं सहजीवन एका दुपारी उरकायचं होतं. तळ्याकाठी उन्हाळा झाला. झाडामागे कपडे बदलून छत्री उघडली, पावसाळा झाला. मग हिवाळ्यासाठी लोकरी कोट, टोपी आणि मफलर. वर ऊन असं, की तळ्यातल्या बदकांनीसुद्धा सावली धरली होती.

“घाम पुसा हो, थंडी पडलीय!” अनुभवी ओरडले. “आणि वहिनींचा हात धरा. असा नको! त्यांचं पाकीट मारताय असं वाटतंय.”

एक माळीबुवा नळी हातात धरून आमच्याकडे बघत उभे राहिले. पावसाळ्यासाठी पाणी हवंय का, असं त्यांनी आपणहून विचारलं. माझ्या वयाच्या माणसाला भर उन्हात कानटोपी घालून, बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून, दुसऱ्याच्या हुकुमावरून हसावं लागतं, तेव्हा त्याच्या आतलं काहीतरी कायमचं बसकण मारतं. ते माझं त्या दिवशी बसलं.

संध्याकाळी अनुभवींनी छापून आणलेले छत्तीस फोटो टेबलावर मांडले आणि विजयी मुद्रेने मागे सरले. फोटो छान होते. फक्त सगळ्या फोटोंत आमच्या मागच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी पडली, पण त्यांचं पहिलं पान काही उलटलं नव्हतं.

“कोण बघतंय एवढं बारकाईने?” अनुभवी म्हणाले आणि फोटो पाकिटात भरून घेऊन गेले. “मी नीट लावून देतो क्रमाने. या अर्जावर तेवढी सही करून ठेवा.” मी केली. अर्ज कोरा होता, हे मी तेव्हा पाहिलं आणि बायकोला सांगितलं नाही.

ते गेल्यावर ती बराच वेळ मफलरची घडी घालत बसली.

“मी रोज शिकवताना सांगते,” ती म्हणाली, “जे येत नाही ते येतंय असं परीक्षकाला दाखवायला जाऊ नका. आणि आज मीच उन्हात मफलर गुंडाळून हसत होते.” मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “एक सांग. मुदत संपत नसती, तर विचारलं असतंस?”

“अर्थात!” मी म्हणालो.

“फार पटकन म्हणालास,” ती म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. मी घोरतो म्हणून आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपतो. हाही सहजीवनाचाच भाग आहे, पण तो फोटोत येत नाही.

सकाळी उठलो तो ठरवूनच. हे फोटो द्यायचे नाहीत. गेलो देश सोडून तर गेलो, पण कानटोपीच्या जोरावर राहायचं नाही. तरातरा वर गेलो. अनुभवी दाढी करत होते.

“फोटो परत द्या.”

“परत? अहो, कधीच दिले! त्याच रस्त्याने जायचं होतं, म्हणून सकाळी सातलाच वास्तव्य कार्यालयाच्या पेटीत टाकून आलो. आभार नकोत.”

त्यांना काय बोलणार? सही माझी होती.

वास्तव्य कार्यालयात मी टोकन घेऊन दोन तास बसलो. पाच नंबरच्या खिडकीवरच्या गृहस्थांना म्हणालो, “मी दिलेला पुरावा मला परत घ्यायचा आहे.”

“मूळ प्रत हवीय?”

“नाही. पुरावाच नकोय. तो खोटा आहे.”

त्यांनी चष्मा वर केला. “कोणी तक्रार केलीय?”

“मीच करतोय.”

“कोणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध.”

त्यांनी मला दोन नंबरला पाठवलं. दोनने सांगितलं, की पुरावा जोडण्याचा अर्ज आहे, काढण्याचा नाही, सातला विचारा. सातला जेवणाची सुट्टी होती. सुट्टी संपल्यावर सात म्हणाले, की हे पाचचं काम. पाच मला बघून उठून उभेच राहिले. “अहो, कशाला खाजवून खरूज काढताय? हजारो फाइली असतात. कोणी बघतसुद्धा नाही.”

“मला माहीत आहे ना,” मी म्हणालो. हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की रांगेतल्या लोकांनी माझ्यापासून अंतर घेतलं.

शेवटी मी पुरावा जोडण्याचाच अर्ज भरला. ‘जोडलेल्या पुराव्याचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं: ‘आधी जोडलेला पुरावा खोटा असल्याचा पुरावा.’ खाली लिहिलं, की छत्तीस फोटो एका दुपारचे आहेत, मागच्या गृहस्थांचं वर्तमानपत्र बघावं. सोबत अंगठ्याचा फोटो जोडला. आणि फ्रीजवर चिकटवलेल्या बायकोच्या चिठ्ठ्या जोडल्या, कारण खरं असं घरात तेवढंच लेखी होतं. ‘गिझर बंद कर.’ ‘तुझे मोजे माझ्या खणात का?’ ‘डाव्या कुशीवर झोप, भिंतीपलीकडून ठोकतायत.’ एकूण एकवीस चिठ्ठ्या. पाच नंबरनी त्या मोजल्या, शिक्का मारला आणि म्हणाले, “चौदा वर्षं बसतोय इथे. असा माणूस नाही बघितला.” ही स्तुती नव्हती, हे मला कळलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, कोऱ्या अर्जावरच्या सहीसकट. तिने फ्रीजच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “आई लिहील निवेदन. तिला सांगते.”

कुटुंबातली एक व्यक्ती म्हणजे सासूबाईच. दुसरं कोणी नव्हतंच. हा माणूस कागदांसाठी लग्न करतोय, असं लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर त्या म्हणाल्या होत्या, आणि मला ऐकू जावं इतपत मोठ्याने म्हणाल्या होत्या. आता माझं भवितव्य त्यांच्या पेनाच्या टोकावर होतं. त्यांनी दोन दिवस घेतले. मग चष्मा लावून, स्वतःच वाचून दाखवलं:

“माझी मुलगी सज्ञान आहे. तिने मला न विचारता लग्न केले. हा माणूस कागदांसाठी लग्न करतो आहे असे मला वाटले व मी तसे बोलून दाखवले. अजूनही अधूनमधून वाटते. मध्यंतरी मी जिन्यात घसरले. सहा आठवडे हा रोज कामावरून येऊन माझ्या पायाला पट्टी बांधत असे. चांगली बांधत नाही. मी तसे सांगितले की सोडून पुन्हा बांधतो. कागदांसाठी एखादा माणूस किती वेळा पट्टी सोडून बांधेल, हे मला माहीत नाही. ते सरकारने ठरवावे.”

“सासूबाई,” मी अगदी नम्रपणे म्हणालो, “फार सुंदर झालंय. फक्त ते ‘अजूनही अधूनमधून वाटते’ एवढं...”

“ते काढलं तर बाकीचं खरं कशावरून, जावईबापू?” त्या म्हणाल्या आणि टोपण लावलं.

अनुभवींनी ते निवेदन वाचलं तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले. “संपलं,” म्हणाले. “अनुभव सांगतो, संपलं.” मी ते तसंच, एकही काना-मात्रा न बदलता, नेऊन दिलं.

दहा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. दोघांना वेगवेगळं विचारणार होते. आधी बायको आत गेली. मी बाहेरच्या बाकावर, भिंतीवरच्या ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसलो. वीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेली. मग माझा नंबर पुकारला.

अधिकारीबाई पन्नाशीच्या असाव्यात. समोर माझी फाइल, तिच्यातून एकवीस चिठ्ठ्यांची टोकं बाहेर आलेली.

“खोटे फोटो तुम्ही दिलेत?”

“हो.”

“शेजाऱ्याने दिले, असं पत्नी म्हणते.”

“पेटीत त्यांनी टाकले. कपडे मी बदलले, सही मी केली.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. “का केलंत?”

“भीती वाटली. खरं पुरेसं दिसणार नाही असं वाटलं.”

“ठीक. आता एकच प्रश्न.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “परवान्याची मुदत संपत नसती, तर तुम्ही यांना लग्नाचं विचारलं असतं?”

अर्थात, हा शब्द जिभेवर आला होता. मी तो गिळला. मग ज्याचं उत्तर मी स्वतःलाही देत नव्हतो, ते द्यायला लागलो.

“त्या दिवशी नसतं विचारलं,” मी म्हणालो. “मी भित्रा आहे, बाई. तिच्या शेजारी बसून गाडी चालवायला लागल्यापासून दुसऱ्या महिन्यातच मला कळलं होतं, की आपल्याला हिच्याशीच लग्न करायचंय. पण विचारायला मी अजून दोन वर्षं घालवली असती. कदाचित विचारलंच नसतं. मुदत आली म्हणून तोंड उघडलं. मी मुदतीमुळे विचारलं. मुदतीसाठी नाही. यातला फरक कागदावर कसा दाखवायचा ते मला माहीत नाही, म्हणून तर मी कानटोपी घातली.”

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दार उघडून बायकोला आत बोलावलं आणि माझ्या शेजारी बसवलं.

“हाच प्रश्न मी यांना विचारला होता,” त्या मला म्हणाल्या. “नवऱ्याने मुदत नसती तर विचारलं असतं का? त्या काय म्हणाल्या माहीत आहे?”

“नाही,” मी म्हणालो.

“‘नसतं विचारलं,’ म्हणाल्या.” बाईंनी कागद उलटला. “‘त्याला धीर झाला नसता. म्हणून मीच विचारणार होते. पण शिकवणी चालू असताना शिकवणाऱ्याने असं काही विचारायचं नाही, असा आमच्या शाळेचा नियम आहे. मी त्याच्या पास होण्याची वाट बघत होते. तो पासच होईना.’”

मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

“हे मला कधी सांगितलं नाहीस!” मी म्हणालो.

“तू कधी विचारलंस?” ती म्हणाली.

“घरी जाऊन भांडा,” बाई म्हणाल्या. “आता ऐका. खोटे फोटो दिल्याची नोंद फाइलमध्ये राहील. ती मला पुसता येणार नाही, आणि पुसणारही नाही. त्यामुळे कायमचं वास्तव्य आज मिळत नाही. दोन वर्षांचं देते आहे. दोन वर्षांनी पुन्हा यायचं, पुन्हा सगळं तपासलं जाईल. कबूल?”

“येऊ,” मी म्हणालो. “दर दोन वर्षांनी बोलावलंत तरी येऊ.”

“तेवढं नको,” बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. ती चालवायच्या जागी, मी शेजारी, कारण चौथ्यांदा परीक्षा द्यायचं मी अजून मनावर घेतलं नव्हतं. तिने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

“आता विचार,” ती म्हणाली.

“कशाचा विचार?”

“विचार करू नकोस. विचार! आता दोन वर्षं कोणी तुला हाकलत नाहीये. आता विचार.”

गाड्यांच्या त्या तळावर, एका बाजूला कचऱ्याचा डबा आणि दुसऱ्या बाजूला हॉर्न वाजवून जागा मागणारा एक टेम्पो अशा परिस्थितीत, मी माझ्या आठ महिन्यांच्या बायकोला विचारलं, “माझ्याशी लग्न करशील का?”

तिने आरसा नीट केला.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे विचार करून सांगते. त्या वेळी मलाही वेळ कुठे मिळाला होता? दिवा हिरवा होत होता.”

आणि तिने गाडी काढली.

लोकहो, तीन दिवस. स्वतःच्या बायकोकडून लग्नाच्या होकाराची वाट बघत मी तीन दिवस त्याच घरात राहिलो, तिच्या हातचा चहा प्यायलो, गिझर बंद केला. ती नेहमीसारखी वागत होती. विषय काढायची सोय नव्हती, कारण माणसाला विचार करायला वेळ हवा हे तत्त्व म्हणून मला मान्यच होतं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप सासूबाईंकडे जाऊन अंदाज घेतला. त्या म्हणाल्या, “करू दे तिला विचार. मागच्या वेळी केला नव्हता, म्हणून मला इतका त्रास झाला.” अनुभवींनी जिन्यात गाठून सांगितलं, की अशा केसचा त्यांच्याकडे अनुभव नाही. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिसऱ्या रात्री माझी झोपच उडाली. निदान घोरलो तरी नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी कामावर होतो. एका आजोबांच्या खालच्या कवळीचा साचा करायला घेतला होता, दोन्ही हात प्लास्टरने भरलेले. फोन वाजला. मी कोपराने उचलला, खांद्यात दाबून धरला.

“हो,” ती म्हणाली.

“काय?”

“हो म्हणतेय. नीट विचार करून.” मागून कुणीतरी गिअर खरडल्याचा आवाज आला. “ठेवते. विद्यार्थी शेजारी आहे,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी तसाच उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पण हातातलं प्लास्टर तोवर दगडासारखं घट्ट झालं होतं. आजोबांचा साचा मी पुन्हा पहिल्यापासून केला.